डोंबिवलीपर्यंतची गाडी

हेमलता मोरे यांच्याविषयी लिहायचं मी फार वर्षं टाळलं. खरं तर त्या हयात असतानाच लिहायला हवं होतं. त्यांनी ते वाचलं असतं आणि मी जिथे स्वतःला सांभाळून घेतलं असतं तिथे बोट ठेवलं असतं. आता बोट ठेवणारं कुणी नाही, म्हणून जरा जपूनच लिहितो आहे. आमच्या विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून काम केलेली बरीच मंडळी आज ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणला निवृत्तीचे दिवस काढत आहेत. त्यांच्यातल्या अनेकांच्या मनात मोरे म्हणजे स्वतःच्या दाराशी गाडी यावी म्हणून सगळ्यांची मागणी विकलेली बाई. हे खरं नाही. खरं नाही हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, कारण ती मागणी मी सोडली होती.

बातमी आली तेव्हा दुपार होती आणि मी कुकर लावत होतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, तरी एकट्यापुरता भात लावणं मला अजून जमत नाही, उरतोच. फोनवर अनघा होती, मोरेंची भाची. "काका, मावशी गेली," म्हणाली. कल्याणच्या पुढे खडवलीला, घरीच, झोपेत गेल्या होत्या. अंत्यसंस्कारही आदल्याच दिवशी उरकले होते. मावशीच्या फोनमध्ये जी नावं होती त्यांना ती एकेक करून कळवत होती. माझं नाव त्यांच्या फोनमध्ये होतं, याचंच मला आधी नवल वाटलं. फोन ठेवला. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही. त्या दिवशी भात करपला.

आम्ही एकमेकांना आडनावानं हाक मारत असू. ड्यूटीच्या तक्त्यावर आडनावंच असायची आणि तीच तोंडात बसली. त्या मोरे, मी सबनीस. मी पर्सर होतो, म्हणजे विमानातल्या क्रूचा प्रमुख, आणि शिवाय संघटनेचा सरचिटणीस. मोरे सहचिटणीस. त्यांचे वडील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात कामाला होते. घर चाळीतलं, दोन खोल्यांचं. तिथून निघून त्या परदेशी जाणाऱ्या विमानात उभ्या राहत तेव्हा पदराची एक चुणी हलत नसे. गोड स्वभावाच्या होत्या असं मी म्हणणार नाही. नव्या मुलीनं ट्रे वेडावाकडा लावला तर पुन्हा लावायला लावायच्या. कुणी उशिरा आलं तर सगळ्यांसमोर विचारायच्या, "काय, वाटेत वरात लागली होती का?" त्यामुळे त्यांना मानणारे पुष्कळ असले तरी जीव लावणारे थोडेच होते. पुढे जे झालं ते इतकं सहज झालं, त्याचं हेही एक कारण असावं.

वाचकांसाठी आमच्या पगाराची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. केबिन क्रूचा मूळ पगार बेताचा असतो. खरी कमाई उड्डाणाच्या तासांवर. आणि हे तास मोजायला सुरुवात होते विमानाचं दार बंद होऊन ते जागचं हललं की. मुक्कामी पोचून ते थांबलं की मोजणी थांबते. त्याच्या कितीतरी आधी आम्ही हजर झालेलो असतो. सूचना ऐकायच्या, आणीबाणीची सामग्री तपासायची, जेवणाच्या पेट्या मोजून घ्यायच्या, मग प्रवासी आत घ्यायचे, त्यांच्या बॅगा वर चढवायच्या, रडणारी पोरं, भांडणारे नवरा-बायको, जागा बदलून मागणारे आजोबा… हे सगळं दार उघडं असताना. त्यातून विमानाला उशीर झाला आणि दार उघडंच राहिलं, तर भरल्या विमानात पाणी वाटत उभे राहा, तासांत त्याची गणती नाही. मोरे म्हणायच्या, "दार उघडं आहे तोवर आपण फुकट. माणूस मात्र आत आल्या क्षणापासून आपल्याला शिव्या घालायला मोकळा."

हजर झाल्यापासून वेळ धरा, ही त्यांची मागणी. त्या वर्षीच्या मागणीपत्रात ती पहिल्या क्रमांकावर होती आणि ती त्यांनी लिहिली होती. त्याच मागणीपत्रात पार शेवटी आणखी एक मागणी होती, तीही त्यांचीच. क्रूला घरून विमानतळावर नेणारी कंपनीची गाडी ठाण्यापर्यंतच यायची. ठाण्याच्या पलीकडे राहणाऱ्यांनी आपापलं ठाणं गाठायचं, मग वेळ कुठलीही असो. बोलणी सुरू झाली त्या दिवशी कंपनीच्या अधिकाऱ्याने ठाण्यापुढे क्रू राहतो कशाला, असं हसत विचारलं. मोरे न हसता म्हणाल्या, "राहतो, कारण तुम्ही देता त्या पगारात ठाण्याच्या अलीकडे घर येत नाही." त्यावर आमच्या बाजूचे सगळे हसले. मीही हसलो. मीही डोंबिवलीलाच राहत होतो.

बोलणी महिनोन्‌महिने चालतात. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला आम्ही समितीचे चौघं. एकेक कलम घ्यायचं, भांडायचं, बाजूला ठेवायचं. अडलं की कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं, तिथे पुन्हा तेच. पण खरी तडजोड टेबलावर होत नाही. ती होते बाहेर, चहा घेताना. चर्चा अगदीच कोंडली की दोन्हीकडचे मुख्य लोक उठून व्हरांड्यात जातात. तिथे बोललेलं कुठे टिपलं जात नाही आणि नंतर त्याचा दाखला द्यायचा नाही, असा दोन्ही बाजूंचा जुना रिवाज. आम्ही संपाची नोटीस दिली होती आणि तिची मुदत संपत आली होती. संप झाला तर किती दिवस टिकेल याची मला खात्री नव्हती. आणि शेवटच्या फेरीच्या दिवशी मोरे इथे नव्हत्या. समितीवर असलो तरी ड्यूटी सुटत नसे. त्या लांबच्या फ्लाइटवर गेल्या होत्या.

व्हरांड्यात त्या अधिकाऱ्याने मला सांगितलं की तासाचा दर वाढवायला वरून होकार आहे, पण हजर झाल्यापासूनच्या वेळेचं कलम तुम्ही मागे घ्यायचं. ते एकदा मान्य केलं तर इतर कंपन्या आमच्या नावानं खडे फोडतील, असंही म्हणाला. मग कप खाली ठेवत त्यानं विचारलं, तुमच्या लोकांपुढे न्यायला आणखी एखादं लहानसं काही हवं असेल तर बोला. त्या क्षणी माझ्या तोंडून आलं ते गाडीचं. हद्द डोंबिवली-कल्याणपर्यंत वाढवा. तो लगेच हो म्हणाला… इतक्या लगेच, की मला कळायला हवं होतं. मोरेंचीच धाकटी मागणी देऊन मी मोरेंचीच थोरली मागणी सोडून आलो. आत येऊन बाकी दोघांना सांगितलं. सगळे थकलेले होते. आम्ही सह्या केल्या. मोरेंची वाट पाहू या, असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण सभा. आमच्या संघटनेत करार सभासदांना वाचून दाखवायची पद्धत होती आणि वाचायच्या नेहमी मोरे. विमानातल्या सूचना त्या द्यायच्या तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, सरळ आणि शांत. त्या विमानतळावरून तशाच गणवेशात आल्या. बॅग व्यासपीठाच्या पायरीशी ठेवली, माझ्या हातून कागद घेतले आणि उभ्या राहिल्या. आधी त्यांच्याशी चार शब्द बोलायला हवे होते. वेळ नव्हता असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. वेळ होता. त्या पायरीशी बॅगेचा पट्टा सोडवत होत्या, मी दोन हातांवर उभा होतो आणि हार घालायला कोण येणार याची चौकशी करत होतो.

त्या वाचत गेल्या. दराची वाढ आली तेव्हा टाळ्या पडल्या. मग ते वाक्य आलं, की कामाची वेळ पूर्वीप्रमाणेच दार बंद झाल्यापासून धरली जाईल. त्या थांबल्या. फार नाही, पानं उलटताना माणूस थांबतो तेवढंच. माझ्याकडे पाहिलं. आणि पुढचं कलम वाचलं, गाडीची हद्द डोंबिवली-कल्याणपर्यंत. त्याच आवाजात. विमान हवेत हादरत असताना 'कृपया आपल्या जागी बसून राहा' म्हणायच्या, अगदी तसंच. मागून कुणीतरी ओरडलं, "मोरे मॅडमची सोय झाली!" हशा झाला, मग तो थांबला आणि सभागृहात एक वेगळीच कुजबुज सुरू झाली.

त्या तिथल्या तिथे बोलू शकल्या असत्या. मला यातलं काही माहीत नव्हतं, एवढं वाक्य पुरलं असतं. पण आमच्या कामात पहिल्या दिवसापासून एक गोष्ट अंगात मुरवलेली असते. प्रवाशांसमोर आपल्या प्रमुखाला तोडायचं नाही. चूक दिसली तरी त्या वेळी निभावायचं, पडद्यामागे गेल्यावर बोलायचं. मोरेंनी त्या दिवशी सभेला तसंच निभावून नेलं. त्या तसंच करतील हे मला आतून माहीत होतं. या सगळ्यातलं सगळ्यात वाईट तेच.

सभा संपल्यावर जिन्यात त्यांनी मला गाठलं. रागावल्या नाहीत. "सबनीस, करार झाला तो झाला. तुमचं काही गणित असेल. पण लोक काय म्हणतायत ते ऐकलंत ना? ते मी नाही केलं, एवढं तुम्ही सांगाल?"

मी म्हणालो, "सांगतो. जरा वातावरण निवळू दे."

"मी स्वतः नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून ते रडगाणं वाटेल. तुम्हीच सांगा."

वातावरण निवळलं, पण मी बोललो नाही. आधी संघटनेची निवडणूक होती, त्यात मोरे पडल्या आणि मी पुन्हा निवडून आलो. मग वाटलं, आता जुनं उकरायचं कशाला. पुढे बढती मिळाली. पुढे कंपनीच बंद पडली. प्रत्येक वेळी कारण तयार असायचं.

क्रूच्या जगात बहिष्कार असा जाहीर नसतो. विमानात जेवणं वाटून झाली की मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, क्रूचे घरचे डबे उघडतात. कुणाची कोशिंबीर, कुणाचं लोणचं, सगळं मधोमध. मोरेंचा डबा मधोमध राहिला नाही. एकदा आमची ड्यूटी एकत्र लागली, तेव्हा मी पाहिलं. त्या दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसून मांडीवर डबा घेऊन जेवत होत्या आणि गॅलीतल्या मुली पडदा ओढून आत हसत होत्या. मी पर्सर होतो. पडदा बाजूला सारून 'मोरे, इकडे या' म्हणायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी प्रवाशांचे कागद तपासत बसलो.

आणि ती गाडी! मोरे त्या गाडीत कधीच बसल्या नाहीत. गाड्यांची व्यवस्था बघणाऱ्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, माझं नाव ठाण्याच्या थांब्यालाच राहू द्या. त्या पूर्वीसारख्याच स्वतःच्या स्वतः ठाण्याला यायच्या आणि तिथून गाडी घ्यायच्या. कलमाचा फायदा घेतला मी. ऐटीत, माझ्या इमारतीच्या फाटकापासून.

एक रविवार मला अजून पुसता येत नाही. रेल्वेचा मेगाब्लॉक होता, ठाण्याकडच्या लोकल बंद. दुपारची फ्लाइट, गाडी मला घेऊन डोंबिवलीहून निघाली. शीळफाट्याला ट्रकांची रांग लागली होती, धूळ उडत होती आणि त्या धुळीत बसच्या खांबाशी मोरे उभ्या होत्या. गणवेशाची साडी, वर पांढरा रुमाल बांधलेलं डोकं, पायाशी चाकांची बॅग. गाडी अगदी त्यांच्यासमोर येऊन खोळंबली. ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं. "साहेब, मोरे मॅडम आहेत. घेऊ का त्यांना?" मी काच खाली केली नाही. म्हणालो, "त्या नाही येणार." त्यांनी मला पाहिलं होतं. हात वर करून त्यांनी ड्रायव्हरला खूण केली, जा पुढे… प्रवाशाला वाट दाखवावी तशी, तळहात उघडा ठेवून. मग गाडी सुटली.

शेवटची भेट झाली ती काही वर्षांपूर्वी, ठाण्याला. आमच्या निवृत्त मंडळींनी स्नेहमेळावा ठेवला होता. मोरे आल्या. केस पूर्ण पांढरे, पण पाठ तशीच ताठ. दाराजवळची खुर्ची धरून बसल्या. लोक आता म्हातारे झाले होते, कडवटपणा राहिला नव्हता, थट्टा मात्र राहिली होती. बटाटेवड्याच्या ताटल्या फिरत असताना एकानं लांबून विचारलं, "काय मोरे मॅडम, आज गाडीनं आलात ना?" सगळे हसले. त्याही किंचित हसल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सभेत पाहिलं होतं तसंच. मी उभं राहून एक वाक्य बोललो असतो तर ऐकायला सगळे होते. माईकसुद्धा चालू होता. मी ताटलीतल्या वड्याचा तुकडा मोडत राहिलो.

त्या लवकर निघाल्या. मी मागोमाग फाटकापर्यंत गेलो. त्या रिक्षाच्या रांगेत उभ्या होत्या. मुलानं माझ्यासाठी गाडी पाठवली होती. म्हणालो, "मोरे, चला, कल्याणपर्यंत सोडतो."

त्या खरंच हसल्या. "नको हो सबनीस. सवय नाही."

रिक्षा आली, त्या बसल्या. जाताना त्यांनी तोंड बाहेर काढून मला तब्येतीला जपायला सांगितलं.

बातमी आल्यावर महिनाभरानं मी खडवलीला गेलो. निवृत्तीनंतर त्यांनी तिथे लहानसं घर बांधलं होतं, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. अनघा तिथेच राहते. तीही एका नव्या कंपनीत केबिन क्रू आहे, त्या दिवशी तिची सुट्टी होती. पुढच्या खोलीत फारसं सामान नव्हतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची एक लहान मूर्ती, आणि दाराला लागून, भिंतीला पाठ करून ठेवलेली एक लाकडी खुर्ची. दिवाणखान्यात अशी खुर्ची कुणी ठेवत नाही. पण विमानात आमची खुर्ची अशीच असते, दाराशी, प्रवाशांकडे तोंड केलेली. अनघा म्हणाली, मावशी कायम इथेच बसायची, हात मांड्यांखाली घेऊन. उड्डाणाच्या वेळी क्रू तसाच बसतो. काही झालं तर आधी काय करायचं, कोणाला उठवायचं, हे मनात घोळवत. आणि घराचं दार दिवसभर उघडं ठेवायची. गावातली कुणी ना कुणी बाई येऊन बसलेली असे, कुणाला अर्ज वाचून हवा असे, कुणाला नुसतं बोलायचं असे.

मी समोरच्या दिवाणावर बसलो. अनघानं चहा आणला. मी तिला कामाचं विचारलं. "काय सांगू काका, आमचं मीटर अजूनही दार बंद झाल्यावरच चालू होतं. उशीर झाला की भरल्या विमानात उभं राहायचं, फुकट. आमच्याकडे तर संघटनापण नाही. बोलायचं कोणाशी?" आता काही ठिकाणी क्रूनं प्रवासी आत घेण्याच्या वेळेचेही पैसे मागायला सुरुवात केली आहे, असं तिनं मोबाइलवर वाचलं होतं. मावशीला ती बातमी वाचून दाखवली होती. मावशी नुसतं 'बरं झालं' म्हणाली.

मी मनाशी ठरवून आलो होतो. मोरेंना नाही तर निदान या मुलीला सांगायचं. कप खाली ठेवला, घसा साफ केला. तेवढ्यात तीच बोलली. "काका, एक राहिलंच. मला तुम्हाला थँक्यू म्हणायचं होतं. मी डोंबिवलीला राहत होते ना, तेव्हा गाडी बिल्डिंगखाली यायची. मावशी म्हणायची, ही हद्द सबनीसांनी वाढवून घेतली, तेव्हा ठाण्यापुढे कुणी येत नव्हतं. मग बाकीच्या कंपन्यांनीपण तीच धरली. दर वेळी गाडीत बसताना सबनीसांचं नाव घे, म्हणायची."

ते मोरेंनी मनापासून म्हटलं असेल की टोमणा असेल, मला कळलं नाही. त्यांच्या आवाजावरून कधीच काही कळत नसे. मी म्हणायला हवं होतं की ती मागणी तुझ्या मावशीची होती. मी "असू दे गं" म्हणालो. उरलेला चहा प्यायलो. अनघा मला स्टेशनला सोडायला चप्पल घालू लागली. तेवढ्यापुरता मी खोलीत एकटा होतो, आणि समोर ती खुर्ची होती, पुढ्यातल्या माणसाकडे तोंड करून. तोंडात शब्द तयार होते. तेव्हाही ते बाहेर आले नाहीत. आता ज्यांना ते ऐकायला हवे होते त्या सगळ्यांच्या देखत लिहितो.

मोरे, ती मागणी मी सोडली. तुम्हाला न विचारता. गाडी मी मागितली आणि तिच्यात मीच बसलो. त्या दिवशी सभेत तुम्ही थांबलात, तेव्हा मी उठून हे सांगायला हवं होतं. मला क्षमा करा.